कुणाची बिदागी, कुणाची भीक

मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या आपल्यापैकी प्रत्येक पदवीधरानं एकदा स्वतः वाचावी. सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, एवढं सांगून ती थांबत नाही. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, एखादी वस्तू विकायला पुढं करणं, अशा कुठल्याही बहाण्यानं ते केलं तरी ती भीकच, असं ही व्याख्या म्हणते. पुढं आणखी एक पोटकलम आहे. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना फिरत राहणं, तेही भिकेत मोजलं आहे.

'बहाणा' या शब्दावर थोडं थांबू या. कायद्याच्या नजरेत रस्त्यावरचा गायक गात नसतो, गाण्याचा बहाणा करत असतो. नाट्यगृहात तिकीट लावून गाणाऱ्याचं गाणं खरं आणि चौकात चादर अंथरून गाणाऱ्याचं गाणं खोटं. हा फरक सुरांचा नाही, तालाचा नाही, रियाजाचाही नाही. तो जागेचा आहे, आणि या देशात कोण कुठल्या जागेवर उभा राहील हे कोण ठरवतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको.

शिक्षाही लहान नाही. वॉरंटशिवाय अटक करता येते. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. वारंवार सापडला तर दहा वर्षं. हाच कायदा राजधानी दिल्लीलाही लागू केलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात मात्र कायदा उभा आहे. छत्तीसगडला याच जातकुळीचा १९७३ चा भिक्षावृत्ती निवारण कायदा मध्य प्रदेशकडून वारशात मिळाला.

पण हा कायदा आकाशातून पडलेला नाही. तो आपल्या भाषेत आधीपासून होता. मराठीत एका माणसानं दुसऱ्याला पैसे देण्यासाठी किती शब्द आहेत पाहा. शास्त्रीय गायकाला मिळते ती बिदागी. व्याख्यात्याला मिळतं ते मानधन. पुरोहिताला दक्षिणा. संस्थेला देणगी. ब्राह्मण विद्यार्थी घरोघरी अन्न मागायचा, ती मधुकरी. मुंजीत बटू झोळी घेऊन उभा राहतो, ती भिक्षावळ, आणि तिचे फोटो अल्बममध्ये लागतात. संन्यासी मागतो ती भिक्षा, म्हणजे त्याग. तमाशातल्या बाईवर उधळतात ती दौलतजादा, म्हणजे तिच्या चारित्र्यावरचा शेरा. आणि पोतराज, वासुदेव, नंदीवाला, डोंबारी यांच्या हातावर पडते ती भीक.

देणारा हात तोच, नोट तीच. घेणाऱ्याची जात बदलली की क्रियापद बदलतं.

हे पुस्तकात वाचून कळतं, पण रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. क्षेत्रकार्याच्या निमित्तानं मी रायपूरला राहत होते, तेव्हा बूढ़ापाऱ्यात हे दिसलं. नागपूरहून रेल्वेनं पाचेक तासांवरचं हे शहर. १९५६ पर्यंत हा भाग आणि आपला विदर्भ एकाच प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. 'पारा' म्हणजे वस्ती, मोहल्ला. या वस्तीला लागून मोठं जुनं तळं आहे, बूढ़ा तालाब. गोंड समाज हे नाव आपल्या बूढ़ादेवाशी जोडतो. सरकारी पाट्यांवर ते आता विवेकानंद सरोवर आहे. नरेंद्रनाथ दत्त लहानपणी, १८७७ पासून दोनेक वर्षं, वडिलांबरोबर रायपूरला राहिले होते. ते घर बूढ़ापाऱ्यातच दाखवतात. तळ्याच्या मधोमध त्यांचा सदतीस फुटी बसलेला पुतळा आहे. भोवती दिवे, फिरायला वाट, फोटो काढायला जागा.

पुतळ्याकडं तोंड करून, रस्त्याच्या कडेला एक साठीचा माणूस बसायचा. देवार समाजाचा. हातात रूंझू, म्हणजे चामडं मढवलेली, गजानं वाजवायची लहान सारंगी. गजाला घुंगरं बांधलेली, त्यामुळं सूर आणि ताल एकाच हातातून निघतात. पुढ्यात प्लॅस्टिकचा डबा आणि त्या डब्यावर नातवानं चिकटवलेला क्यूआर कोड. मी त्यांना कका म्हणायचे. कका म्हणजे काका. ते मला नोनी म्हणायचे, आपण पोरीला 'बाई' म्हणतो तसं.

एक पूर्ण रात्र मी त्यांच्या बाजूला बसून काढली. सातच्या सुमाराला त्यांनी गज ओढायला सुरुवात केली. पलीकडं गुपचुपच्या गाड्यांवर गर्दी होती. पाणीपुरीला इथं गुपचुप म्हणतात. गाडीवाल्याला कुणी 'छुट्टे नाहीत' म्हणत नव्हतं. ककांसमोर आल्यावर मात्र अनेकांचे छुट्टे संपायचे, आणि क्यूआर कोडकडं बोट केलं की हसू फुटायचं. आता भिकारीसुद्धा ऑनलाइन झाले, हे वाक्य त्या रात्री मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं.

सुरुवातीला त्यांनी दसमत कैनाची कथा लावली. देवारांच्या कंठात पिढ्यान् पिढ्या टिकलेली ही मोठी गाथा आहे. पाच मिनिटांत दोन पोरं आली, एका सिनेमाच्या गाण्याची फर्माईश केली, स्वतःचं चित्रीकरण करून घेतलं आणि दहा रुपये टाकून गेली. एका गृहस्थानं वीस रुपये दिले आणि बरोबर उपदेशही दिला, चहा पी, दारू पिऊ नकोस. गुपचुपवाल्याला पैसे देताना तो त्यांचं काय करणार हे कुणी विचारत नाही. मजुरी दिली की हिशेब संपतो. भीक दिली की देणारा घेणाऱ्याच्या आयुष्याचा मालक होतो. आणखी एक जण बराच वेळ ऐकत उभा राहिला. मला वाटलं, हा रसिक. त्यानं शेवटी एकच प्रश्न विचारला, कौन जात हो?

दहाच्या आसपास खाकी गणवेशातला एक रखवालदार आला. ही भीक मागायची जागा नाही, उठा, म्हणाला. कका उठले, दहा पावलं पुढं गेले आणि पुन्हा बसले. त्याच वेळी लांबून एका मिरवणुकीचा आवाज येत होता, छातीत धडधडणारा. ध्वनी नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला आणि वाद्याला मनाई आहे, हे खरं. पण त्याच नियमांत सण-उत्सवांसाठी वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. ही सूट मंडपवाल्यांसाठी मागितली जाते आणि मंडपवाल्यांना मिळते. विजेची तारही नसलेल्या रूंझूसाठी ती मागायला कोण जाणार?

अकराला त्यांनी डबा उलटा केला. मोबाईलवर आलेले धरून तीनशे चाळीस रुपये. चार तासांचं काम. डेऱ्याकडं परतताना त्यांनी रखवालदाराच्या बोलण्यावर उत्तर दिलं, त्याला नव्हे, मला: "हमन भीख नइ मांगन नोनी, बजाथन." आम्ही भीक मागत नाही, वाजवतो.

माझ्या मते या प्रश्नावरचा सगळा वाद या एका वाक्यात मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण 'देवार' या शब्दावर एक जुना शिक्का बसलेला आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात देवारांची ओळख भिकारी आणि वादक अशी एका दमात करून दिली आहे. त्यात रायपुरिया आणि रतनपुरिया अशा त्यांच्या शाखांची नोंद आहे, म्हणजे रायपूरचं नाव या समाजाच्या ओळखीतच कोरलेलं आहे. समाजाची स्वतःची आठवण वेगळी आहे. ते आपलं नातं रतनपूरच्या राजदरबारातल्या गोपालराय या वीराशी सांगतात आणि त्याची गाथा गातात. आठवण खरी की खोटी हा इथं मुद्दा नाही. एका समाजानं स्वतःला कलावंत म्हणवलं आणि जनगणनेच्या साहेबानं व त्याच्या सवर्ण माहीतगारांनी त्याला भिकारी म्हणवलं. छापलं गेलं ते साहेबाचं.

मग स्वातंत्र्य आलं, लोककलेचे दिवस आले. हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'नं छत्तीसगडी कलावंतांना रंगमंचावर आणलं. 'चरणदास चोर' हे नाटक १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात गाजलं, पुरस्कार घेऊन आलं. त्यातली राणी साकारणाऱ्या फिदाबाई मरकाम देवार समाजातल्या होत्या. तोच आवाज एडिंबरोत कला ठरतो आणि रायपूरच्या पदपथावर बहाणा ठरतो. मधे फक्त एक रंगमंच आला, आणि त्या रंगमंचाच्या चाव्या देवारांकडं कधीच नव्हत्या. आपल्याकडच्या लावणीचं काय झालं ते शर्मिला रेगे यांनी दाखवून दिलं आहे. कला उचलायची, ती 'सभ्य' करायची आणि जिच्या अंगातून ती आली त्या बाईला बाहेर ठेवायचं. छत्तीसगडमध्ये लग्नातल्या निशाण, डफडा, मोहरीच्या ताफ्याला 'गाँड़ा बाजा' म्हणतात. जातीचं नावच वाद्यमेळाला लागलेलं. महोत्सवात तोच ताफा 'पारंपरिक लोकवाद्य' होतो, वाजवणाऱ्यांची जात मात्र गावात तशीच राहते.

या विषयावर बोलताना सुशिक्षित मंडळी हमखास एक अमेरिकी गोष्ट सांगतात. १२ जानेवारी २००७ रोजी वॉशिंग्टनच्या मेट्रो स्थानकात जोशुआ बेल या नामवंत व्हायोलिनवादकानं साध्या कपड्यात त्रेचाळीस मिनिटं वाजवलं. हजारावर माणसं समोरून गेली, थांबली मोजून सात, आणि पेटीत जमले बत्तीसेक डॉलर. तात्पर्य असं की धावपळीत माणसाला सौंदर्य दिसेनासं झालं आहे. मला या गोष्टीत वेगळंच दिसतं. तो प्रयोग बातमी झाला, कारण बेल कलावंत आहे हे आधीच ठरलेलं होतं. न थांबलेली माणसं अपराधी ठरली, वाजवणारा नाही. ककांसमोर कुणी थांबलं नाही तर दोष ककांचा, आणि थांबलं तरी तो दयेचा विषय. बेलला कुणी जात विचारली नाही, दारू पिऊ नको म्हणून बजावलं नाही. शिवाय हा सगळा प्रश्न नुसता धावपळीचा असता, तर जगात त्यावर सोपे उपाय झालेले आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेनं २००३ पासून वादकांना परवाने आणि ठरलेल्या जागा दिल्या. आपल्याकडं परवान्याऐवजी पोलीस गाडी येते.

हे रायपूरचं दुखणं म्हणून महाराष्ट्रानं सुटकेचा श्वास सोडू नये. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्तानं नागपुरात पाहुणे येणार होते, तेव्हा पोलिसांनी कलम १४४ खाली चौकांत भीक मागण्यावर बंदी घातली. शहर सजवायचं म्हणजे गरीब झाकायचा. बूढ़ा तालाबच्या काठावर रखवालदार जे बोलला, तेच नागपुरात कागदावर आलं.

आणि 'भिकारी' हा शिक्का फक्त हाकलून देत नाही, तो जीवही घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेले. मुलं पळवणारी टोळी असल्याची अफवा एवढंच निमित्त. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी आला. ज्या समाजाला उपजीविकेचं दृश्य साधन नाही आणि जो फिरत असतो, तो संशयित, हे कायद्यानं १९५९ पासून लिहून ठेवलं आहे. जमावानं कायदा वाचला नव्हता. पण कायद्यातला आणि जमावातला संशय एकाच मातीतला आहे.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडं येते, कारण तो सवर्णांच्या कळवळ्यापेक्षा जास्त गंभीर आहे. आपल्यातले अनेक जण म्हणतील, बाबासाहेबांनी गावकीची, अपमानाची कामं सोडायला सांगितली. आमच्या आजोबांनी हलगी खाली ठेवली म्हणून आम्ही विद्यापीठात पोचलो. पोतराजाचे केस कापणं ही आमची क्रांती होती. आता तू आम्हाला पुन्हा वाद्य हातात घ्यायला सांगतेस?

नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंहार' लिहिताना फरक स्पष्ट केला होता. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, तीही उतरंडीची. आपण सोडली ती सक्ती. मेलेल्या गुराचं मांस, वेसकरकी, लग्नात बाहेर उभं राहून वाजवणं. सूर आपण सोडला नाही. सोडला असता तर भीमराव कर्डकांचे जलसे उभे राहिले नसते आणि वामनदादा गावोगाव फिरले नसते.

पुरावा हवा असेल तर ६ डिसेंबरला दादरला जा, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. रस्त्याच्या कडेला हार्मोनियम आणि ढोलकी घेऊन गायक बसलेले असतात. समोर चादर असते, तिच्यावर नोटा पडतात. जागा सार्वजनिक आहे, गाणं आहे, पैसे घेतले जातात. १९५९ च्या व्याख्येत हे तंतोतंत बसतं. तरीही तिथं कुणी त्या गायकाला भिकारी म्हणत नाही. माणसं खाली बसून ऐकतात, नोट ठेवताना वाकून जय भीम म्हणतात, उठताना गाण्याची पुस्तिका विकत घेतात. तीच चादर, तोच रस्ता, पण ऐकणारा आणि गाणारा एका पातळीवर आलेले. म्हणजे रस्ता अपमानाचा नसतो. अपमान उतरंडीत असतो, आणि ती मोडता येते हे आपण वर्षातून निदान दोनदा करून दाखवतो.

मग उरलेले दिवस आपण काय करतो? पहिली पिढी शिकली की एक भीती मागं लागते, आपल्याला कुणी 'त्यांच्यातले' समजू नये. म्हणून लोकलमध्ये गाणारा आला की आपण मोबाईलमध्ये डोकं घालतो. ही भीती मला समजते. पण ती आपल्याला ज्यांच्या रांगेत नेऊन उभी करते, ते आपल्याला कधीच आपलं म्हणणार नाहीत. आणि देवार, डवरी गोसावी, मसणजोगी, नंदीवाले यांच्यातला पहिला पदवीधर अजून घरी वाट पाहतो आहे. छत्तीसगडमध्ये देवार अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. पण यादीत नाव असणं आणि डेऱ्यातल्या पोराच्या हातात जातीचा दाखला असणं यात किती कार्यालयांचं अंतर आहे, हे ज्यांनी ते कापलं आहे त्यांना विचारा.

ककांना मी विचारलं होतं, नातवाला रूंझू शिकवणार का? ते म्हणाले, आधी तो बारावी होऊ दे, मग त्याला वाटलं तर. या उत्तरात सांस्कृतिक धोरण आहे, आणि ते कुठल्याही अकादमीच्या धोरणापेक्षा शहाणं आहे. कला सोडायचा हक्क आणि कलेची मजुरी घ्यायचा हक्क, दोन्ही एकाच वेळी हवेत. 'परंपरा जपा' म्हणणारे पहिला हक्क नाकारतात. 'भीक बंद करा' म्हणणारे दुसरा. दोघांनाही त्या पोरानं शिकून स्वतः निवड करावी हे नको आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. भीक प्रतिबंधक कायदे रद्द करा. ते होईपर्यंत निदान गाणं, नाच आणि खेळ हे शब्द व्याख्येतून काढा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर 'सेवा' देणाराही विक्रेता आहे. मग वादकाला ओळखपत्र का नाही? नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान चाळीस टक्के प्रतिनिधी असावे लागतात, त्यांत रस्त्यावरचे कलावंत असू द्या. केंद्राच्या 'स्माईल' योजनेसारखं पुनर्वसन करायचंच असेल, तर ज्याच्या हातात आधीच हुनर आहे त्याला मेणबत्त्या करायला शिकवण्याआधी त्याच्या हुनराची मजुरी ठरवा. सरकारी महोत्सवात देवाराला आणि शास्त्रीय गायकाला एकाच नियमानं मानधन द्या आणि दोन्ही रकमा जाहीर करा. आणि डेऱ्यातल्या प्रत्येक पोराला जागेवर जाऊन जातीचा दाखला द्या.

कायदा बदलायला वेळ लागेल. शब्द बदलायला लागत नाही. पुढच्या वेळी कुणी रस्त्यावर वाजवत असेल आणि आपण थांबलो असू, तर ऐकल्याचे पैसे द्यावेत आणि उपदेश घरी ठेवावा. घरी येऊन सांगताना 'एका भिकाऱ्याला दहा रुपये दिले' असं म्हणू नये. एका वादकाला त्याची बिदागी दिली, असं म्हणावं. आणि दहा रुपये ही बिदागी म्हणून कमी वाटली, तर लाज वाटून घ्यावी आणि वाढवून द्यावी.

जय भीम.